काळी फीत आणि पुसलेला फळा

मुख्याध्यापकांनी माझ्या हातातलं डस्टर ओढून घेतलं आणि फळा पुसला. दहावीच्या भरल्या वर्गात. फळ्यावर मी एकच वाक्य लिहिलं होतं: सत्ता लोकांच्या संमतीवर चालते, तर संमती नाही हे लोकांनी सांगायचं कसं?

"मॅडम, नागरिकशास्त्र शिकवा. आंदोलनं कसली शिकवताय?" मग जरा हसून, "तुमच्या लोकांना पुस्तकातही मोर्चाच दिसतो."

तुमच्या लोकांना. निगडीतल्या या शाळेत सहा वर्षं शिकवतेय. माझे लोक कोण, हे मी कधी सांगितलं नाही. आडनावावरून सगळ्यांना कळतं.

झालं होतं एवढंच. आदल्या दिवशी वर्गातल्या साक्षीनं विचारलं, "मॅडम, माझे पप्पा चाकणला कंपनीत दंडाला काळी फीत बांधून जातात. काम बंद नाही करत. हे पण नागरिकशास्त्रात येतं का?" येतं, म्हटलं, वहीत लिही. तिनं पानभर लिहिलं. वर्गातल्याच एका मुलाचे वडील त्या कंपनीत मोठे साहेब. मुलानं घरी सांगितलं, आणि त्यांचा शाळेच्या ऑफिसात फोन आला.

चीड येते. पुस्तकात चळवळींचा अख्खा धडा आहे, त्यावर मार्क आहेत. वर्गातल्या मुलीच्या बापाची चळवळ तेवढी चालत नाही.

"ते पान फाडून द्या," सर म्हणाले. "आत्ता."

आणि मी गेले साक्षीच्या बाकापाशी. सांगायला लाज वाटते, पण मूग गिळून गेले. वर्षावर्षाच्या नेमणुकीवरची बाई मी. हात पुढे केला. तिनं ते पान उघडून वही दिली.

माझ्या बाबांनीही एकदा माझं असंच ऐकलं होतं. मी सातवीत होते. छत्रीच्या जुन्या कापडाची फीत आई त्यांच्या दंडाला बांधायची. ते पूर्ण शिफ्ट करायचे, कामात कसूर नाही. काम करतो, पण अन्याय मान्य नाही, एवढंच ती फीत सांगायची. माझ्या बक्षीस समारंभाला ते कंपनीतून तसेच आले. मीच दारात म्हटलं, "काढा ना ती. सगळे बघतायत." त्यांनी काढून खिशात ठेवली. पुढं मी जाडजाड पुस्तकांतून संमती शिकले, हक्क शिकले. ते सगळं बाबांच्या दंडावर होतं आणि मीच ते उतरवलं होतं.

वही मिटून साक्षीच्या हातात दिली.

"पान फाडणार नाही, सर."

"एप्रिलमध्ये नेमणूक संपते तुमची."

"माहितीये."

आज सकाळी जुनी छत्री कापली. फीत बांधून वर्गात गेले, हजेरी घेतली. मागच्या बाकावर दोघं हसले. हसू देत. सर दारात येऊन उभे राहिले. मी तेच वाक्य पुन्हा फळ्यावर लिहिलं, मोठ्या अक्षरात, आणि पूर्ण तास शिकवला. एप्रिलपर्यंत रोज फीत बांधीन, एक तास चुकवणार नाही. आणि डस्टर आता माझ्या हातातून सुटणार नाही.