गोफणीच्या गोट्याचा माग

माझा धाकटा भाऊ तोफखान्यात होता, पण तोफ चालवत नसे. शत्रूची तोफ कुठं लपली आहे हे शोधणाऱ्या रडारवर त्याचं काम होतं. लढाईच्या आधीच्या हिवाळ्यात तो रजेवर गावी, मुरुमला आला, तेव्हा ज्वारीत दाणा भरला होता. आई दिवसभर शेतातल्या माळ्यावर उभी राहून गोफणीनं पाखरं हाकत होती. मी शिक्षक; शेतात जायचो ते रविवारी.

"तिथं तू करतोस तरी काय रे?" आईनं माळ्यावरूनच त्याला विचारलं.

त्यानं आईची गोफण मागून घेऊन माझ्या हातात दिली आणि मला ज्वारीत लपायला सांगितलं. "कुठूनबी मारा दादा. फकस्त माझं डोस्कं सोडून."

ज्वारी पुरुषभर उंच होती. मी चार वेळा जागा बदलून गोटे सोडले. चारही वेळा तो सरळ माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"कणसं हालत्यात ती बघून जातोस, लबाडा," आई म्हणाली.

"कणसं न्हाय, गोटा बघतो. हवेत दोन जागी दिसला, की तिथनं मागं रेघ वढायची. आमचं यंत्र हेच करतंय."

"म्हंजे गोळा येताना दिसतो तुला?"

"दिसतो की."

"मंग सरकत जा बाजूला."

"व्हय, सरकतो," असं म्हणून तो हसला आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं. गोळा सुटल्यावरच यंत्र तोफेची जागा सांगतं, आणि ती आपल्या तोफांना कळवायची असते; यंत्रापाशी बसलेल्याला त्यातून पळायला सवड मिळत नाही, हे त्यानं मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. मी आईला ते न सांगता गोफण परत दिली.

आई निर्धास्त झाली. आपल्या लेकाला गोळा आधीच दिसतो, असं ती गल्लीत सांगू लागली. तो निघाला त्या सकाळी चिमण्यांचा मोठा थवा ज्वारीवर उतरला होता. ती माळ्यावरून खाली आली नाही, नुसती गोफण उंचावली. एसटीपर्यंत मी एकटाच गेलो.

लढाई लागली आणि पंधरा-वीस दिवसांत तार आली. गोळा रडारच्या गाडीजवळच पडला होता.

तेरावं झाल्यावर आईनं विचारलं, "यंत्र बंद पडलं हुतं का?"

हो म्हणणं सोपं होतं. "चालू होतं," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

"तुला तवाच ठावं हुतं?"

"हो."

तिनं मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "जाऊ नको म्हणलं नसतं म्या. पाखरास्नी खाऊ दिलं असतं. एसटीपतूर आले असते."

पुढच्या ज्वारीला मी रजा काढून माळ्यावर उभा राहिलो. आईनं मला गोफण दिली नाही. "हवेत गोटा नगं आता," म्हणत बडवायला पत्र्याचा डबा दिला.