शेजारणीचा फ्लास्क

पूर्णिमाला राजश्रीचा हेवा वाटायचा, आणि तो काही लपण्यासारखा नव्हता. बीदरच्या कॉलेजात एकाच व्हरांड्यात दोघींच्या प्रयोगशाळा समोरासमोर. काम दोघींचं एकच: मोडक्या हाडातली पोकळी भरून काढणारा पदार्थ तयार करायचा आणि तो जिवंत पेशींवर तपासायचा. पूर्णिमाचा पदार्थ रेशमाचा. राजश्रीचा अंड्यांच्या टरफलांचा, तीही होस्टेलच्या स्वयंपाकघरातून गोळा केलेली. पूर्णिमानं आधी नाकं मुरडली. मग या विषयातल्या संशोधकांच्या संघटनेनं टरफलांनाच बक्षीस दिलं.

मादन हिप्परगा नावाच्या खेड्यातली, आपल्याहून सहा वर्षांनी लहान पोरगी पुढं जाते हे तिला सोसवेना. "आता सगळीकडं त्यांच्या जातीलाच पुढं करतात," असं ती घरी वडिलांपाशी, हणमंतरावांपाशी बोलली. निवड नावं झाकून झाली होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी बोललीच. हणमंतराव जन्मभर मास्तरकी केलेले. त्यांनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं.

यंदा संघटनेच्या अधिवेशनात ज्यांतून बक्षीस ठरतं त्या भाषणांसाठी दोघींची निवड झाली. शेवटचा प्रयोग तेवढा उरला होता. आणि नेमक्या त्याच आठवड्यात राजश्रीच्या पेशींना बुरशी लागली. गोठवून ठेवलेला दोघींचा पेशींचा साठा उन्हाळ्यात, तो थंड ठेवणाऱ्या द्रव नायट्रोजनची गाडी न आल्यानं, आधीच वाया गेला होता.

या धंद्यात एक रीत आहे. एकाच्या पेशी गेल्या की शेजारच्यानं आपल्यातला फ्लास्क, म्हणजे पेशी वाढवलेली चपटी बाटली, द्यायचा. आज तुझ्यावर, उद्या माझ्यावर. राजश्री त्याच भरवशावर दारात उभी राहिली.

"अक्का, एक फ्लास्क देता का?"

पूर्णिमाच्या इन्क्युबेटरात, पेशींना ऊब देणाऱ्या कपाटात, तीन फ्लास्क होते, पेशींनी गच्च भरलेले. "न्हाई गं," ती म्हणाली, "माझ्याबी गेल्या. बुरशीच."

तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, गारेगार. पण रीतीला दुसरीही बाजू होती, ती तिच्या ध्यानात राहिली नाही. बुरशी लागली की शेजारच्यानं इन्क्युबेटर धुवायला हात लावायचा. राजश्री म्हणाली, "मग मी हातमोजे घेऊन आलेच. दोघी मिळून धुवून काढू." आणि ती आपल्या खोलीकडं वळली.

आता काय करायचं? खरं सांगावं तर तोंड दाखवायला जागा नाही. फ्लास्क लपवावेत तर ऊब सुटली की पेशी मरणारच. पूर्णिमानं ब्लीचची बाटली उचलली आणि तिन्ही फ्लास्कांत ओतली. राजश्री आली तेव्हा पूर्णिमाच्या डोळ्यांत पाणी होतं. ब्लीचनं चुरचुरतात, असं तिनं सांगितलं. राजश्रीनं मात्र मन लावून कोपरान्‌कोपरा पुसला आणि वर धीरही दिला.

दुसऱ्या दिवशी राजश्री पहाटेच्या बसनं हैदराबादला गेली, तिथल्या ओळखीच्या प्रयोगशाळेत. दुपार कलता परत आली ती अंगावर शाल घेऊन, भर उन्हात. शालीच्या आत, पोटाशी धरून ऊब दिलेले, तोंड घट्ट बंद केलेले फ्लास्क होते. एक नव्हे, दोन.

"तुमच्याबी गेल्या म्हणलाव न्हवं, म्हून दोन मागून घेतले," ती म्हणाली. "ह्यो तुमचा. जरा बघून घ्या अक्का, वाटंत मेल्या का काय. मी तोंड धुवून येते."

पूर्णिमाला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. राजश्री गेली तशी तिनं फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पेशी जिवंत होत्या, तळाला छान चिकटल्या होत्या. आता रडावं, नाहीतर त्या पोरीमागं जाऊन सगळं कबूल करावं. पूर्णिमानं त्यातलं काहीच केलं नाही. तिनं टेबलावर राहिलेला राजश्रीचा फ्लास्क उचलला, तोही भिंगाखाली धरला आणि दोन्ही ताडून पाहिले, कुणाच्यात पेशी जास्त.

पूर्णिमाच्याच फ्लास्कात जास्त होत्या. राजश्रीनं चांगला फ्लास्क तिला दिला होता, आणि पूर्णिमाला त्याचाही राग आला.