हातमोज्यातली दोन बोटं

मामानं दुबईहून आणलेल्या टीव्ही गेमच्या खोक्यातून हातमोजा बाहेर आला तेव्हा आधी आईचा चेहरा उतरला, मग मामाचा. मोजा एकच होता आणि तो उजव्या हाताचा होता. आमच्या घरात तो बसेल एवढा मोठा उजवा हात फक्त अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. त्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. आदल्या वर्षी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात दोन्ही बोटं पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसखाली गेली होती. मामा ते विसरला होता असं नाही, दुकानात त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. भाचीसाठी तिथली सगळ्यात भारी वस्तू उचलायची, एवढंच त्याला सुचलं.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवात. आम्ही कोल्हापूरच्या कसबा बावड्यात राहायचो, साखर कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या एका गल्लीत. टीव्ही गेम दोनचार घरांत आले होते, पण ते बटणांचे. हा मोजा निराळाच होता. करडा, जाड, मनगटावर बटणांची पाटी, आणि प्रत्येक बोटाच्या पाठीवरून आतून नेलेली एक पट्टी. बोट वळलं की पट्टी वळायची. टीव्हीच्या काचेच्या कडेला एक चौकट लावायची, ती हात कुठं हलतोय ते ओळखायची. खेळ सुरू होण्याआधी पडद्यावर एक हात यायचा, निळसर, मनगटापाशी कापलेला. आपण मूठ वळायची आणि उघडायची, तो हातही तसंच करायचा. यंत्राला आपला हात ओळखीचा व्हावा म्हणून ही सोय. मोज्यातून सारखी बारीक टिकटिक यायची, भिंतीवर पाल चुकचुकते तशी. आईला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही.

मला स्वतःला भुताखेतांच्या गोष्टींचा राग आहे. कुणी पिंपळ आणि अमावास्या सुरू केलं की मी उठून चहा टाकायला जाते. त्यामुळं पुढचं सांगताना जिथं कारण माहीत आहे तिथं ते देईन. जिथं माहीत नाही तिथं उगाच रचणार नाही.

अण्णांची जखम केव्हाच भरली होती. कारखान्यानं त्यांना प्रेसवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं होतं. पण गेलेली बोटं दुखायची थांबली नव्हती. ती दोन्ही बोटं वळून तळव्यात रुतून बसलीत, नखं लागतायत, आणि काही केल्या उघडत नाहीत, असं ते सांगायचे. रात्र रात्र त्यांना झोप लागायची नाही. डॉक्टर म्हणाले, होतं असं, मेंदूला अजून कळलेलं नाही. कधी त्यांना करंगळीला खाज सुटायची. मग मी त्यांच्या तळव्याशेजारी, जिथं काहीच नाही तिथं, गादीवर खाजवायचे. ते डोळे मिटून म्हणायचे, जरा वर. मी जरा वर खाजवायचे आणि त्यांना बरं वाटायचं. तेव्हा मला यात काही विचित्र वाटत नव्हतं.

तर त्या दिवशी मामाला अवघडल्यासारखं झालं होतं आणि ते घालवायला अण्णांनीच मोजा उचलला. हात आत घातला. मोज्याची दोन रिकामी बोटं बाजूला लोंबत राहिली. मामानं टीव्ही लावला, पडद्यावर निळा हात आला. अण्णांनी तीन बोटांची मूठ वळली, आणि पडद्यावरच्या हाताची पाचही बोटं वळली. उघडली, तर पाचही उघडली.

कारण आहे. मामा इलेक्ट्रिशियन होता, त्यानं लगेच सांगितलं की मधल्या बोटाला ओढ बसली की शेजारच्या पट्ट्या ओढल्या जाणारच, त्यात नवल नाही. मला ते तेव्हा पटलं आणि आजही पटतं. पण अण्णा त्याचं ऐकतच नव्हते. ते पडद्याकडं बघत होते, पुन्हा मूठ वळत होते, पुन्हा उघडत होते. मग म्हणाले, "उघडली की."

आईनं विचारलं, काय उघडली. त्यांनी नुसती मूठ पुन्हा वळून उघडली. त्या दिवशी ते पोटभर जेवले आणि आडवे झाले ते थेट सकाळच्या भोंग्यालाच उठले. आईचा जीव भांड्यात पडला.

तेव्हापासून तो गेम माझा राहिलाच नाही. रोज कामावरून आले की अण्णा हातपाय धुऊन टीव्हीसमोर बसायचे आणि मोजा चढवायचे. खेळ कधीच खेळले नाहीत. त्या पहिल्या पडद्याच्या पुढं गेलेच नाहीत. नुसती मूठ वळायची, उघडायची. मी मात्र कुढत बसायचे. सबंध गल्लीत कुणाकडं नाही अशी वस्तू आपल्या घरात आहे, आणि घरातला मोठा माणूस तिच्यावर मुठी वळत बसलाय. मैत्रिणींना काय सांगणार होते मी?

मग खंडेनवमी आली. ज्याच्यावर पोट चालतं ती हत्यारं त्या दिवशी धुऊनपुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडू वाहायचा, नारळ वाढवायचा, आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आमच्या पाटावर अण्णांचे नट आवळायचे पाने आणि कानस, आईची विळी, माझी कंपासपेटी असायची. त्या वर्षी आईनं मोजाही मांडला. तिला त्याची टिकटिक आवडत नव्हती, पण नवऱ्याची झोप ज्यानं परत आणली ते हत्यारच, असा तिचा सरळ हिशोब. तिनं पाचही बोटांना कुंकू लावलं, दोन रिकाम्या बोटांनाही. दूध-पाणी शिंपडलं. पाटाच्या कडेवर नारळ फोडला, आणि निम्मं पाणी मोज्यात गेलं. विळीला पाणी लागतं, पान्याला लागतं, कोरडी पूजा कशी होणार?

त्या संध्याकाळी अण्णा मोज्याविना बसले. बोटं वळली असणार, कारण ते दात आवळून होते. तरी त्यांनी पाटाकडं हात केला नाही.

दसऱ्याला दुपारी, जेवण झाल्यावर, आईनं पाट उचलला. मोजा तसाच टेबलावर ठेवून मी वायर जोडली आणि टीव्ही लावला. अण्णा अजून खुर्चीत होते, हात मांडीवर. पडद्यावर निळा हात आला आणि कुणी काही न करता मिटायला लागला.

सावकाश मिटला. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं बोट, मग थांबला. टेबलावरचा मोजा जिथल्या तिथं होता. मी त्याच्याकडंच बघत होते, त्याचं एक बोटही हललं नव्हतं. कारण मी देऊ शकते. पट्ट्यांत पाणी गेलं होतं, नारळाचं पाणी चिकट असतं, तारा एकमेकींना लागल्या असणार. पण मग मागं खुर्चीतून अण्णांचा आवाज आला. आवाज कसला, माणूस पाय मुरगळल्यावर जसा श्वास ओढतो तसं काहीतरी. त्यांनी उजवा हात छातीशी धरला होता आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

आईनं धावत जाऊन बटण बंद केलं. चित्र आक्रसून एक ठिपका झालं आणि विझलं. अण्णांचा हात सुटला नाही.

"बंद करून काय उपयोग," ते म्हणाले. "मिटलेलीच हायत की अजून."

म्हणजे शेवटचं जे दिसलं ते मिटलेलं होतं, आणि उघडलेलं दिसल्याशिवाय ती उघडणार नव्हती, एवढं माझ्यासुद्धा लक्षात आलं. अण्णांना मोजा घालायला सांगायची कुणाची छाती झाली नाही. "मी घालतो," मी म्हणाले. कोल्हापूरच्या मुली असंच बोलतात. आई नको म्हणाली, पण नुसतं तोंडानं.

मोजा आत ओला आणि चिकट होता. माझी तीन बोटं गेली. उरलेली दोन जाईनात. मोज्याची ती दोन बोटं आतून चिकटली होती, हे कारण. पण तेव्हा मला वाटलं की आत जागाच नाही, आधीच कुणीतरी आहे. मी डोळे मिटून बोटं रेटली आणि ती गेली. आईनं टीव्ही लावला. पडद्यावर तीच दोन बोटं मिटलेली होती. मी मूठ वळली आणि उघडायला गेले, तर तीन बोटं उघडली आणि दोन मिटूनच राहिली, पडद्यावरही आणि मोज्यातही. माझीच बोटं माझं ऐकत नव्हती. शेवटी मी डाव्या हातानं ती धरली आणि वर ओढायला लागले.

"हळू," अण्णा मागून म्हणाले. "मोडतील."

मी हळू केलं. पडद्यावरचा हात हळूहळू उघडला. अण्णांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला, आणि मग ते रडले. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं, बोटं गेली तेव्हाही नाही. मला त्यांची दया यायला हवी होती. मला भीती वाटली.

मामानं मोजा उन्हात वाळवला, उघडून पुसला, पण तो पहिल्यासारखा कधीच झाला नाही. अण्णांनी त्यात परत हात घातला नाही. रोज संध्याकाळी मोजा मी घालायचे आणि ते मागं खुर्चीत बसून बघायचे. ते उघड म्हणाले की मी उघडायचे, ते पुरे म्हणाले की थांबायचे. असं काही वर्षं चाललं. मग चौकट तुटली, टीव्ही बदलला, आणि तोपर्यंत दुखणंही विरळ झालं होतं. मोजा आईनं कुठं ठेवला ते मी विचारलं नाही.

पुढं माझं लग्न झालं, राजारामपुरीत फ्लॅट झाला. दोन हजार साल बरंच मागं पडल्यावर माझ्या मुलासाठी नवा गेम घरात आला, हातात कांडी धरून हवेत फिरवायचा. अण्णा आले होते. मुलगा बॉक्सिंग खेळत होता, पडद्यावर दोन गोल मुठी नाचत होत्या. अण्णांनी खुर्ची उचलली आणि भिंतीकडं तोंड करून बसले. मुलाला ती आजोबांची गंमत वाटली. मी गेम बंद केला.

त्याच वर्षी अण्णा दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत. शेवटच्या दिवशी त्यांना बोलता येत नव्हतं. दुपारी त्यांचा चेहरा एकदम वाकडा झाला. नर्सबाईंना वाटलं छातीत दुखतंय, त्या डॉक्टरांना बोलवायला गेल्या. मी त्यांच्या हाताकडं बघितलं. तो चादरीवर पडला होता, तीन बोटं सैल, आणि तळहाताच्या कडेला, जिथं काहीच नाही तिथं, काय मिटलंय ते मला माहीत होतं. आई मला म्हणाली, कर की.

तिथं ना मोजा होता ना पडदा. मी माझा उजवा हात त्यांच्या डोळ्यांपुढं धरला आणि मूठ वळली. त्यांनी बघितलं. मी उघडायला गेले तर तीन बोटं उघडली, दोन नाही. मी जोर लावला, तरी नाही. मग मी डाव्या हातानं ती धरली आणि हळू, मोडणार नाहीत अशी, एकेक वर ओढली. अण्णा शेवटपर्यंत बघत होते. दोन्ही बोटं सरळ झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरची वळी गेली. डॉक्टर आले तेव्हा ते शांत पडले होते, आणि दिवेलागणीला गेले.

तेव्हापासून सकाळी उठते तेव्हा माझ्या उजव्या हाताची तीच दोन बोटं मिटलेली असतात. डॉक्टरांनी त्याला नाव दिलंय, शिरेचं काहीतरी, आणि मी ते मान्य केलंय. डाव्या हातानं उघडते आणि कामाला लागते. आईला यातलं काही सांगितलं नव्हतं.

आई आता आमच्याकडंच असते. अण्णा गेल्यापासून तिनं कुंकवाच्या करंड्याला हात लावला नव्हता, खंडेनवमीची पूजा मीच करायचे. परवाच्या खंडेनवमीला स्कूटर, मिक्सर, मुलाचा कॉम्प्युटर सगळ्यांना हळदकुंकू लावून मी उठत होते, तर आईनं माझं मनगट धरलं. करंडा पुढं ओढला. माझ्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला कुंकू लावलं, वर एकेक अक्षता ठेवली. बाकीच्या तीन बोटांना नाही.

"दसऱ्यापातूर ह्यास्नी कामाला लावू नगंस," ती म्हणाली.

त्या दिवशीची भांडी मी तशीच ठेवली.