मागच्या खोलीतलं एकोणीस डिग्री

“खिडकी कोणी उघडली?”

“मी. सकाळी घरभर आंबूस वास सुटला होता.”

“आणि दिवसभर उघडीच ठेवलीस? तापमान बारावर आलंय, सुनीती. यीस्ट गारठून तळाला बसलं. आता बिअर गोडमिट्ट राहणार.”

हरीश प्लास्टिकच्या पिंपाशी उकिडवा बसला होता. झाकणावरच्या नळीतले बुडबुडे बंद पडले होते. त्याने ऑइल हीटर पिंपाजवळ ओढला आणि बायकोला समजावू लागला. एकोणीस डिग्री हवं, रात्रंदिवस. उतरलं की यीस्ट झोपतं, चढलं की उधळतं आणि चव बिघडवतं. फार नाजूक जीव.

सुनीती हीटरकडे बघत होती. ख्राइस्टचर्चच्या एका हॉस्पिटलात ती एक्स-रे काढते. गार टेबलावर पेशंटला झोपवायच्या आधी ऊबदार ब्लँकेट अंथरायचं, हा तिचा नेम. घरात मात्र ती शब्द गिळायला शिकली होती.

गेल्या जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, नाशिकहून तिची आई आली, ती याच खोलीत राहिली. रात्री हीटर बंद. हवा कोरडी होते, खोकला धरतो, असं जावईबापूंचं म्हणणं. शिवाय इथली माणसं भर थंडीत जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला जातात, आईंनाही होईल सवय. आई दोन स्वेटर आणि कानटोपी चढवून झोपायची आणि सकाळी म्हणायची, झोप छान लागली. तीन महिन्यांसाठी आलेली बाई महिन्यात परतली. काल सुनीतीने फोनवर पुन्हा बोलावलं, तर म्हणाली, “नको गं, तुमच्याकडची थंडी माझ्या हाडांना पेलत नाही.”

सुनीतीनेही थंडीलाच बोल लावला होता.

“म्हणजे ही खोली गरम होते,” ती म्हणाली.

“होते म्हणजे? ठेवावी लागते.”

“मग आई होती तेव्हा का नाही ठेवलीस?”

“आईंचं काय काढलंस मध्येच?” हरीश हसला. “माणूस आणखी एक पांघरूण घेतं. यीस्टला सांगता येतं का?”

त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. “बरं, उन्हाळ्यात बोलव त्यांना. तेव्हा हीटरचा प्रश्नच नाही. काय?”

सुनीती उठली आणि खोलीबाहेर पडली. दार सताड उघडं राहिलं.

“दार ओढून घे गं,” आतून आवाज आला. “पुन्हा उतरेल.”

ती पॅसेजमधून चालत राहिली.