इटलीच्या क्लबाला सूरचं दही

तमाम मराठी वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, २०१०च्या दशकातल्या एका मे महिन्यात इटलीतल्या एका फुटबॉल क्लबाचं भवितव्य ओमानमधल्या सूर या गावी अर्ध्या किलो दह्यावर अवलंबून होतं, आणि ते दही आणण्याची जबाबदारी माझ्यावर सोपवण्यात आली होती. वाचकांनी उभं राहण्याची गरज नाही. बसूनच वाचावं.

मस्कतला मी गेलो तो शिरीषकडे. शिरीष माझा शाळेतला मित्र, मस्कतच्याच रुवी भागात एका कंपनीत हिशेब बघतो. रुवीत उतरल्यावर परदेशात आल्यासारखं वाटायला मला पूर्ण एक दिवस लागला. चहावाला केरळचा, न्हावी उत्तर प्रदेशचा, आणि भाजीवाल्याने मला मराठीत सांगितलं की कोथिंबीर मिळेल, पण कालची आहे. ऊन तेवढं परदेशी होतं. विमानतळाच्या दारातून बाहेर पडताच त्याने माझी गळाभेट घेतली ती परत निघेपर्यंत सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळीच शिरीष म्हणाला, "चल, सूरला जायचंय. मॅच आहे."

"ओमानची?"

"इटलीची."

"मग सूरला कशाला?"

"मायेकर सूरला आहेत म्हणून," शिरीष म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून एवढं कारण पुरेसं असावं.

सूरचा रस्ता समुद्राच्या कडेने जातो. डाव्या हाताला निळं पाणी, उजव्या हाताला डोंगर, आणि त्या डोंगरांवर गवताची काडी नाही. कोणीतरी भाजायला ठेवून विसरून गेल्यासारखे. मधूनच एखादी वादी (कोरडी नदी) आडवी येते आणि तिच्यात शेळ्या उभ्या असतात. त्या काय खातात हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. या रस्त्यावर शिरीषने मला क्लबाचा इतिहास सांगितला.

क्लब एका बंदराच्या गावचा. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की दृष्ट लागते असं मायेकरांचं मत आहे. तो गोदीतल्या कामगारांनी काढला. सोबत एक पाद्री होता, त्याला ऑफसाइड कधीच कळला नाही, पण पहिला चेंडू त्याच्या पैशाने आला होता म्हणून कोणी बोललं नाही. सदऱ्यांसाठी कापड नव्हतं. तेव्हा कोळ्यांनी जुनी शिडं फाडून दिली. ती झाडाच्या सालीत रंगवलेली, म्हणून क्लबाचा रंग आजही गेरूसारखा. हंगाम सुरू होण्याआधी कर्णधार नव्या होडीच्या कुशीवर चेंडू तीनदा आपटतो. आणि हरल्यावर सगळा संघ गावात मागच्या रस्त्याने शिरतो, कारण पुढच्या रस्त्यावर मासळीबाजार आहे आणि तिथल्या बायका फार बोलतात.

"आणि सामन्याआधी दही-साखर खातात," शिरीषने सांगून संपवलं.

"इटलीत?"

"तोच तर वाद आहे."

वाद असा. बबन मायेकर मालवणचे, सूरजवळच्या वायूच्या कारखान्यात मुख्य आचारी. तिथे रेनातो नावाचा इटालियन इंजिनियर होता. त्याने मायेकरांना हा क्लब दिला आणि मायेकरांनी तो सूरमधल्या पंधरा-वीस कोकणी माणसांना. दह्याची परंपराही रेनातोकडूनच आली, असं मायेकर सांगत. सामन्याआधी प्रत्येकाच्या तळहातावर ते स्वतः दही घालत. पण दापोलीचे हमीद पारकर, ज्यांच्या होडीसामानाच्या गोदामात टीव्ही होता, ते म्हणत की दही मायेकरांच्या मनाचं आहे. आता महिन्याभरात मायेकर नोकरी संपवून कायमचे मालवणला निघाले होते. निवृत्त झालेले रेनातोही जुनी जागा बघायला नेमके आले होते. पारकरांनी जाहीर केलं होतं, "साहेबांना सगळ्यांसमोर विचारू. परंपरा खरी असेल तर तुमच्यामागे मी स्वतः दही वाटीन. नसेल, तर वाडगा घेऊन मालवणला जायचं."

वाटेत पेट्रोल पंपावर शिरीष गाडीतच बसला आणि मला म्हणाला, "आत जाऊन दही घेऊन ये. या वेळी दही आपण नेतो म्हणालोय." मी गेलो. दुकानदाराला खुणेने, दुधासारखं, पांढरं, वगैरे समजावलं. त्याने बाटली दिली. तिच्यावर 'लबन' लिहिलं होतं. मला तो शब्द भारदस्त वाटला. मी दोन घेतल्या.

सूर हे होड्या बांधणारं गाव. खाडीच्या काठावर लाकडी गलबतांचे सांगाडे उभे असतात आणि हवेत माशांच्या तेलाचा वास. पारकरांचं गोदाम तिथेच, दोरखंड आणि खिळ्यांच्या पोत्यांमध्ये. पारकर उंच, पांढऱ्या दाढीचे. त्यांनी आधी कहवा (कडवट कॉफी) आणि खजूर पुढे केले. मायेकर बुटके, त्या उन्हाळ्यात गेरू रंगाचा लोकरी मफलर घातलेले. त्यांनी माझ्या हातातल्या बाटल्या घेतल्या, एक उघडली, वास घेतला आणि खाली बसले.

"पावण्यानू," ते म्हणाले, "ह्यां ताक आसा."

त्यांनी बाटलीचं झाकण परत लावलं.

"ताक घेऊन कोण परीक्षेक गेलोहा काय?"

मी म्हटलं, घुसळलेलं का असेना, मुळात दहीच ते. मायेकरांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेने आमचे गणिताचे सर पाहत. संघाला दुसऱ्या विभागात टिकायला आज किमान बरोबरी हवी होती, आणि इथे ताक. तेवढ्यात पारकर उठले. मागेच त्यांचं घर. ते आत गेले आणि झाकण ठेवलेलं पातेलं घेऊन आले.

"घरचं आहे," ते म्हणाले. "पण मी हे दही म्हणून देतोय. परंपरा म्हणून नाही. नोंद घ्या."

"साकर?" मायेकरांनी विचारलं.

पारकरांनी खिशातून पुडी काढली. तीही नोंद घेऊन दिली.

एवढ्यात रेनातो आले. सत्तरीचे, लालबुंद, गळ्यात तसाच मफलर. मायेकरांना त्यांनी मिठीच मारली. दोघांत बोलायला अशी भाषा नव्हती. इतकी वर्षं सुरमईचं कालवण आणि हातवारे यांवर भागलं होतं. म्हणून पारकर माझ्याकडे वळले. "तुम्ही तिऱ्हाईत. तुम्ही इंग्रजीत विचारा. हे दही क्लबाची परंपरा आहे की नाही?"

मायेकर पातेल्यातलं दही ढवळत होते. ढवळायची काही गरज नव्हती.

मी विचारलं. रेनातोंचं इंग्रजी त्यांनी स्वतः घरी बनवलेलं होतं, आणि ते फार वेगात चालवत. त्यांनी सांगितलं ते असं. पहिल्यांदा मायेकरांसोबत सामना बघताना ते टीव्हीसमोर ओरडत होते, "दाइ! दाइ!" इटालियनमध्ये याचा अर्थ चला, हाणा, रेटा. मायेकर धावत आत गेले आणि त्यांच्या हातावर दही ठेवलं. रेनातोंना वाटलं, माणूस घाबरला की हिंदुस्थानात दही देत असावेत. त्यांनी आदराने खाल्लं. सामना जिंकला. पुढच्या वेळीही ते ओरडले, पुन्हा दही आलं. घरी परतल्यावर त्यांनी क्लबाच्या कट्ट्यावर हे सगळं सांगितलं. त्या वर्षी संघ वरच्या विभागात चढला. तेव्हापासून त्यांच्या स्टँडमधले सगळे म्हातारे सामन्याआधी दही खातात.

"सो, इट इज ट्रॅडिशन?" मी विचारलं.

"नाउ, यस!" रेनातो म्हणाले.

शिरीषला इंग्रजी येतं. त्याला कहव्याचा ठसका लागला. मायेकरांनी ढवळणं थांबवलं होतं.

"काय म्हणतात साहेब?" पारकरांनी विचारलं.

"हो म्हणतात," मी म्हणालो. एवढ्या लांब भाषणाचं मी इतकं सुटसुटीत भाषांतर केलं, आणि त्यातून फक्त 'आता' हा एक शब्द गळला.

मायेकर उठले. एकेकाच्या तळहातावर दही घातलं. पारकरांपाशी आल्यावर थांबले. पारकरांनी हात पुढे केला, पण तोंड खिडकीकडे वळवून.

सामना सुरू झाला. अर्ध्या वेळेपर्यंत काहीच झालं नाही आणि त्यावर सगळे खूश होते. मग कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला. गेरू रंगाचे मफलर, पांढऱ्या मिशा, आणि प्रत्येक म्हाताऱ्याच्या हातात दह्याची वाटी. मायेकरांनी मफलर काढून डोळे पुसले आणि घामाचं कारण सांगितलं. पारकर मात्र टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन त्या वाट्या बघत राहिले. बराच वेळ.

शेवटच्या मिनिटाला गोल बसला. आपल्याला. क्लब खालच्या विभागात गेला. रेनातो खुर्चीतच अंग मिटून बसले, आणि पारकर ओरडले.

काय ओरडले ते शेवटी सांगतो, कारण परतीच्या विमानात मी त्याचाच विचार करत होतो. खिडकीखाली ते भाजके डोंगर मागे पडत होते, मांडीवर ओमानी हलव्याचा डबा. मी गेलो होतो देश बघायला, आणि पाहून आलो एका पातेल्याचा वारसा. शिरीष नंतर फोनवर म्हणाला की मायेकर मालवणला पोचले, आणि पुढच्या हंगामात गोदामात दही चुकलं नाही. मला नवल वाटलं नाही. कारण त्या संध्याकाळी, इटलीतला संघ मान खाली घालून मैदानाबाहेर जात असताना, इतकी वर्षं दह्याला नावं ठेवणारे हमीद पारकर टीव्हीवर हात आपटून ओरडले होते:

"अहो मायेकर, हरणार नाहीत तर काय! ह्यांनी साखरच घातली नाही!"