कुमुदताईंनी दिलेला साप

कुमुदताईंच्या घरी पाहुण्याला चहाच्या आधी गराजमधला नळ दाखवला जायचा. 'हात धुवा. साबणाने. चिकन खाऊन आला असाल तर दोनदा.' हाताला मांसाचा वास आला की साप बोटालाच जेवण समजतो, हे त्या नमस्कार करायच्याही आधी सांगत. ऑन्टारिओतल्या लंडनमध्ये त्यांचं जुनं घर होतं आणि बेसमेंटमध्ये काचेच्या पेट्यांत नऊ कॉर्न स्नेक, म्हणजे बिनविषारी साप. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत प्राणी सांभाळून त्या निवृत्त झालेल्या. ऐंशीच्या उंबरठ्यावर, अंगात फ्लीसचं जॅकेट, गळ्यात चष्म्याची दोरी, आणि आवाज इतका हळू की समोरच्याला वाकून ऐकावं लागे.

मी वॉन शहरात फरशांचा धंदा करतो. ट्रकमधून खोकी उतरवण्यापासून सुरुवात केली, आज गोदाम स्वतःचं आहे. माझी मुलगी गार्गी तेरा वर्षांची झाली तेव्हा तिने साप मागितला. दुकानातला घ्यायचा नव्हता, कुमुदताईंचाच हवा होता. दोन तास गाडी मारून आम्ही गेलो. मी हात धुतले, पेटीतला एक केशरी साप पसंत केला आणि म्हणालो, 'बोला ताई, काय द्यायचं?'

'विकत नाही मी. देते. माणूस बघून.'

'मग बघा की माणूस!' असं म्हणून मी पेटीत वरून हात घातला आणि साप मानेपाशी धरला. तो माझ्या मुठीत पिळवटला.

कुमुदताईंनी माझी बोटं एकेक करून सोडवली. 'वरून झडप घालते ती घार. त्याला वाटलं, आता आपण मेलो. हात खालून द्यायचा. तो आपणहून चढतो.' मग गार्गीने हात खाली धरला. साप दोन मिनिटं जीभ लपलपवत राहिला आणि तिच्या मनगटावर चढला. त्याच्या पोटावर मक्याच्या दाण्यांसारखी काळी-पांढरी नक्षी होती.

साप मिळाला, पण त्याबरोबर कागदही मिळाला. गार्गीने सही करायची. पेटीची एक बाजू गरम, एक थंड. आठवड्याला एक उंदीर, फ्रीझरमधला, कोमट पाण्यात वितळवून. जेवल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. आणि शेवटचं कलम: 'वडिलांनी सापाला हात लावू नये.'

माझ्या घरात, माझ्या विजेवर गरम होणाऱ्या पेटीत मला मज्जाव! परतीच्या वाटेवर मी इतका बडबडलो की गार्गी म्हणाली, 'बाबा, यू आर प्रूव्हिंग हर पॉइंट.' तो राग मी अजून पूर्ण सोडलेला नाही. पण वर्षभर हातही लावला नाही.

सापाचं नाव मँगो. पुढच्या ऑगस्टमध्ये गार्गी आठवडाभर कॅम्पला गेली आणि नागपंचमी आली. माझी बायको वंदना म्हणाली, 'सगळे चित्राची पूजा करतात. आपल्याकडे तर प्रत्यक्ष आहेत.' कल्पना मलाही आवडली. मीच ओळखीच्या आठ घरांना फोन केले. बायका सिल्कच्या साड्या नेसून बेसमेंटमध्ये उतरल्या. पेटीत लाह्या पडल्या, पाण्याच्या वाटीत दूध पडलं, मँगोच्या डोक्यावर हळदीकुंकू वाहिलं गेलं. मग सगळे वर दिंडं खायला गेले. झाकणाच्या दोन क्लिपा कुणी लावल्या नाहीत. कुणी म्हणजे मी. शेवटचा मीच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी रिकामी.

मी आधी वंदनावर ओरडलो, मग एसीवर, मग सोफा उलटा केला. शेवटी कुमुदताईंना फोन केला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, 'सोफा सरळ करा. पण आधी खाली बघा, तो चिरडला तर नाही ना. गाडी काढते मी.'

त्या वयात चारशे एक हायवेवरून त्या एकट्या आल्या. मी दारातच कैफियत सुरू केली. 'वंदनाने पूजा काढली, बायकांनी दूध ओतलं...'

'पूजेचं नंतर बघू. बेसमेंटमध्ये गरम काय काय आहे?'

फर्नेस उन्हाळ्यात बंद. पाण्याचा हीटर. आणि जुना डीप फ्रीझर, ज्याची मागची बाजू कायम तापलेली असते. त्यांनी वंदनाकडून तांदळाचं पीठ मागितलं आणि दारांच्या उंबऱ्यांवर, हीटरपुढे, फ्रीझरपुढे एकेक पातळ पट्टा ओढायला लावला. मग दिवे घालवून आम्ही तिघं जिन्यावर बसलो. तासभर. मी एवढा वेळ गप्प बसल्याचं वंदनाला आठवत नाही.

दिवे लावले तेव्हा फ्रीझरपुढच्या पिठात एक नागमोडी ओळ उमटली होती. ती आत जात होती.

'माझे गुडघे वाकत नाहीत,' कुमुदताई म्हणाल्या. 'तुम्ही काढा.'

'मला मनाई आहे.'

'आज विचारतंय कोण? खालून.'

मी फरशीवर पालथा झालो आणि फ्रीझरच्या मागे तळहात उघडा ठेवला. हात अवघडला, मुंग्या आल्या. मग काहीतरी गुळगुळीत बोटांवरून सरकलं आणि मनगटाशी येऊन थांबलं. मला त्या क्षणी कुणी काहीही विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं.

कोमट पाण्यात त्याचं कुंकू धुताना मी म्हणालो, 'ताई, आता तरी तो कागद फाडा.'

'छे! कागद आहे म्हणून तुम्ही इतकं सांभाळून धरलंत.' मग नाकपुड्यांतली हळद कापसाने टिपत म्हणाल्या, 'पूजा करा हो. पण देवाला काय सोसतं ते तरी बघा. घाबरलाय फार. पाच-सहा दिवस खायला देऊ नका. नंतर खाल्लं की सुटलो. नाही खाल्लं तर डॉक्टर.'

'गार्गीला नका सांगू.'

'मी नाही सांगणार. तुम्ही सांगणार.'

रविवारी मी सांगितलं. गार्गीने मँगोला डोक्यापासून शेपटीपर्यंत तपासलं. 'कुंकू, बाबा? सिरियसली?' मग थंडपणे म्हणाली, 'त्याने खाल्लं नाही तर मी त्याला कुमुदआजीकडे परत देणार. इट्स नॉट सेफ हिअर.' मुलं ओरडली तर मीही ओरडतो. ही ओरडली नाही.

गुरुवारी तिने उंदीर वितळवला, चिमट्यात धरून आत ठेवला. मँगोने तोंड फिरवलं. शुक्रवारी पुन्हा तेच. शनिवारी दुपारी आम्ही जिन्यावर बसलो होतो, मी गोदाम माणसांवर सोडून आलेलो. मँगो पेटीतल्या बिळातून अर्धा बाहेर आला, थांबला, आणि इतक्या झटकन उंदीर धरला की वंदना किंचाळली. गार्गी माझ्या खांद्यावर डोकं टेकून तो गिळून होईपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, 'ओके. ही कॅन स्टे.'

त्यानंतरच्या हिवाळ्यात कुमुदताई गेल्या. पण मला आठवतो तो त्या शनिवारचा फोन. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला. मी म्हणालो, 'ताई, खाल्लं.'

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

'ताई?'

'ऐकलं हो. ठेवा आता फोन. कुकर लावते. गुरुवारपासून नुसत्या टोस्टवर आहे मी.'