ओंजळवाल्यांचा तिसरा नियम

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. असणार कसा? आगरदांड्यापासून मुरूडपर्यंतची निम्मी भुतं मी स्वतः बनवलेली आहेत... लोक पापड घरी करतात तशी. फेरीबोटीवर तिकीट न काढता चढणारी हिरव्या साडीतली बाई – माझी. खारफुटीत शिट्टी वाजवणारा बिनडोक्याचा साहेब – तोही माझाच. (डोकं नसताना शिट्टी कशी वाजवतो, हे आजवर एकाही पर्यटकाने विचारलेलं नाही.) माझी घरगुती जेवणाची आणि राहायची सोय आहे. सुरमई सगळीकडे मिळते, भूत फक्त आमच्याकडे. पुण्याची माणसं भाताला उशीर झाला तरी तक्रार करत नाहीत, ती त्यामुळे.

तेव्हा तुम्ही आत्ताच हसायला लागला असाल तर हसा. एक मात्र करा – या गोष्टीत जिथे काहीच घडत नाही, तिथे नीट लक्ष द्या. खोटं सांगायचं असतं तर मी तिथे नक्की काहीतरी घडवलं असतं.

आमचं घर जेट्टीच्या अलीकडे, खाडीला पाठ करून. पुढे अंगण, मागे नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडीत दगडी कठड्याची विहीर. वडिलांच्या वेळी तिचं पाणी इतकं गोड की चहात साखर घालत नसत... बरं, कमी घालत. मग त्या मोठ्या वादळात खाडी वाडीत शिरली आणि विहीर मचूळ झाली ती झालीच. तेव्हापासून ते पाणी धुण्याभांड्याला. प्यायला आणि रांधायला टेम्पोतून जार येतात.

नंदू माझा धाकटा भाऊ. बारा वर्षांनी लहान. मी एका वाक्यात तीन थापा मारणार, हा तीन दिवसांत एक वाक्य बोलणार. मुरूडला मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. लग्नाचं बघत होतो तेव्हा पायाला सूज आली, आणि सूज कशाची ते कळेपर्यंत दोन्ही किडन्यांनी राजीनामा दिला होता. मग आठवड्यातून तीनदा अलिबागला डायलिसिस. गाडी मी चालवायचो.

ज्यांच्या घरी हे आहे त्यांना सांगायला नको. बाकीच्यांना सांगतो – त्या आजारात सगळ्यात मोठा छळ सुईचा नाही, पाण्याचा. दिवसभराचं पाणी मोजून. नंदूची एक प्लॅस्टिकची बाटली होती, तिच्यावर आईने मार्करने रेघ मारलेली. रेघेपर्यंत भरायची, त्यात गोळ्याही घ्यायच्या आणि तहानही भागवायची. ऐन उन्हाळ्यात हा बर्फाचा खडा गालात धरून बसायचा. जास्त प्यायला की सेंटरमधला वजनकाटा चुगली करायचा, आणि सिस्टर सगळ्यांदेखत रागवायची.

फोनवर त्याचा एक ग्रुप होता. महाराष्ट्रभरची आठ-दहा माणसं, एकमेकांना कधी न भेटलेली, आणि सगळ्यांनी मिळून एक खोटा देश वसवलेला. त्याचा किनारा, त्याचे राजे, त्यांची भांडणं. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि त्याच्यासारखं लिहायचं. रोलप्ले म्हणतात. मी म्हटलं, अरे, हे मी रोज पंगतीत करतो, मला कोणी ग्रुपमध्ये घेतलं नाही ते.

एके दिवशी मशीनवर पडल्या पडल्या म्हणाला, दादा, देशासाठी एक ऑर्डर बनवायची आहे. मी म्हटलं, सुरमई की पापलेट? तो हसला नाही. ऑर्डर म्हणजे पंथ रे, म्हणाला. माणसं नसलेल्यांचा पंथ. भुतं नकोत, पण भुतांसारखं काहीतरी.

झालं! माझ्या हातात अख्खं दुकान आलं. मी तिथल्या तिथे शंभर फूट उंचीचे, पाठीला डोळे असलेले, देवमाशावर बसून फिरणारे दोन डझन हजर केले. शेजारच्या खुर्चीतल्या मावशी नळ्या लावलेल्या असूनही ऐकायला वाकल्या. नंदूने सगळे खोडले.

"दादा, तुझं प्रत्येक भूत शंभर फुटांचं. लहान कर. माणसाएवढं कर."

आणि मग त्याने मला माझाच धंदा शिकवला. म्हणाला, पंथाला तीन नियम लागतात. ते काय काम करतात, काय करू शकत नाहीत, आणि सुटतात कसे. बाकी सगळे दागिने.

पहिला नियम आम्ही दोघांनी मिळून केला. किनाऱ्यावर जो माणूस तहानलेला मरतो तो या पंथात जातो. खाऱ्या झालेल्या विहिरीत उतरतो आणि ओंजळी-ओंजळीने पाण्यातलं मीठ उपसून कठड्यावर ठेवतो. सकाळी कठड्यावर पांढरी रेघ दिसते, ती त्याची खूण. नाव मी दिलं – ओंजळवाले. ते त्याला आवडलं. माझं आवडलेलं बहुधा तेवढंच.

दुसरा नियम त्याचा. ओंजळवाल्याच्या हातात कायम गोडं पाणी, पण घोट घशाखाली उतरत नाही.

मी म्हटलं, फार कडक होतं रे हे, रविवारी तरी सुट्टी दे त्यांना. गालातला बर्फ एका बाजूला सारून तो म्हणाला, "किंमत नसली की जग खोटं वाटतं. तुझ्या भुतांचं तेच चुकतं दादा. फुकट असतात."

तिसऱ्या नियमावर आमचं रेवदंड्याच्या पुलावर भांडण, मुरूडच्या नाक्यावर भांडण. मी रोज सुटकेचा नवा उपाय न्यायचो – नारळ फोडला की सुटतो, पौर्णिमेला सुटतो, बायकोने माफ केलं की सुटतो. तो प्रत्येक खोडायचा, स्वस्त आहे म्हणून. शेवटी दमला. म्हणाला, "राहू दे. सुटकेचं तू बघ." आणि मग खिडकीकडे तोंड करून, सहज म्हणावं तसं, "मी त्यांच्यात गेलो तर पहिली आपली विहीर."

मी रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलायला लागलो.

शिमग्याच्या आधी तो गेला. मशीनवर नाही, घरी, भर दुपारी, टीव्हीवर क्रिकेट चालू असताना. पाणी मागितलं. आईने बाटली उचलली, रेघ बघितली आणि चमच्याने दिलं. दुसरा चमचा भरेपर्यंत संपलं होतं.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, इच्छा उरली नाही हो पोराची. मी काही बोललो नाही. मी काही बोललो नाही, हेच खरं तर आमच्या गावात अमानवीय म्हणून धरलं जाईल.

मग आला मे महिना. खोल्या भरलेल्या, आणि नेमका जारवाल्याचा टेम्पो बंद. माझी बायको वैशाली वैतागून म्हणाली, नाहीच शिजली डाळ तर तुमच्या भुतांना वाढा, आणि विहिरीच्या पाण्यात तूरडाळ लावली. मचूळ पाण्यात डाळ शिजत नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्या दिवशी कुकर उघडला तर डाळ लोण्यासारखी. वैशालीने मला हाक मारली. मी मागे गेलो, बादली ओढली, ओंजळ भरून प्यायलो.

गोड. वडिलांच्या वेळचं गोड.

आणि कठड्यावर, दोर घासून खाच पडली आहे तिथे, मिठाची पांढरी रेघ.

तुम्ही म्हणाल, शिंतोडे वाळून मीठ उरतं. उरतं की! मीही तेच म्हटलं. शेजारचे गुरुजी म्हणाले, झरा फुटला असेल. ऐन वैशाखात, चांगल्या विहिरी खारावतात त्या दिवसांत? पाण्याचा नमुना तपासायला दिला. पिण्यायोग्य, असं लिहून आलं. का, ते लिहून येत नाही.

आठवडाभरात अख्खी आळी कळशा घेऊन यायला लागली. मी वाडीच्या फाटकावर पाटी लावली – विहिरीचं गोडं पाणी. आणि आयुष्यात पहिल्यांदा लोकांना खरं सांगितलं. नंदू, ओंजळवाले, पहिला नियम, सगळं. ऐकून घेतलं त्यांनी. एक जण म्हणाला, सुधाभाऊ, जुन्यांपेक्षा ही बरी आहे, पण हिच्यात ती हिरव्या साडीतली बाई घाला. चाळीस वर्षांच्या थापा माझ्या, परतफेड एका दिवसात.

राहिली आई. तिला मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. पण आनंद पोटात राहीना. दुपारी ती मागच्या पायरीवर पेला घेऊन बसली होती, त्याच विहिरीच्या पाण्याचा. मी थाटामाटात सांगितलं – आई, तुझा नंदू कुठे गेला नाही, वाडीतच आहे, आळीला पाणी पाजतोय, राजासारखा. दोन-तीन दागिने लावलेच मी, सवय.

तिने सगळं ऐकलं. मग विचारलं, "नि तो पितो का?"

मी पोफळी मोजायला लागलो.

"सुध्या, तुला इचारतंय. तो पाणी पितो का न्हाय?"

दुसरा नियम सांगावा लागला. तिने पेला खाली ठेवला. अर्धा भरलेला होता.

"जिता होता तवा रेघ मारून दिलं मी त्याला. आता मेल्यावर पन रेघच? कोनी लिवलाय ह्यो नेम?"

"त्यानेच, आई."

"मग तू खोड."

मी समजावलं – गोष्ट आहे ती, पोरांचा खेळ आहे, पाणी झऱ्याचं आहे. म्हणजे बघा, मी, आईला, भुतं नसतात असं पटवत होतो! तिने वाद घातला नाही. फक्त त्या दिवसापासून विहिरीच्या पाण्याला हात लावला नाही. आळी कळशा भरून न्यायची आणि आई दुकानातून बाटली मागवायची. जेवताना माझ्याकडे बघायची नाही.

नंदूचा फोन मी चार्ज केला. ग्रुप चालू होता. त्याचं पात्र त्यांनी मारलं नव्हतं, नावापुढे 'प्रवासात' असं लिहून ठेवलं होतं. मी लिहिलं, मी नंदूचा भाऊ. तो गेला. ओंजळवाल्यांचा तिसरा नियम माझ्याकडे राहिला होता.

मग 'कासवीण' या नावाने लिहिणारी नाशिककडची एक मुलगी आली. तिने लिहिलं, काका, लिहा. पण किंमत लिहा. नंदूदादा किंमत नसलेलं काही पास करायचा नाही.

मी लिहिलं, भाऊ सुपारी खाणं सोडेल.

तिने लिहिलं, "काका, तो हसला असता. आणि खोडलं असतं."

फोन घेऊन मी विहिरीवर गेलो. ऊन कलत होतं. बायका पाणी भरून गेल्या होत्या, कठडा ओला होता. फाटकावरची पाटी उलटी दिसत होती. ते गोडं पाणी, एवढंच होतं माझ्याकडे द्यायला. मी टाइप केलं –

घरच्या माणसाने त्याच विहिरीचं पाणी कठड्यावर ठेवायचं आणि नाव घेऊन पी म्हणायचं. तो पितो. सुटतो. विहीर पुन्हा खारी होते.

एकेकाने 'मंजूर' लिहिलं. कासविणीने शेवटी.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पाहुणे आडवे झाल्यावर, मी आईला तिसरा नियम सांगून विहिरीवर आणलं आणि बादली काढली. आधी स्वतः प्यायलो – गोड. त्याच बादलीतून तांब्या भरला. आईने तो पदराने पुसून कठड्यावर ठेवला, शेजारी गुळाचा खडा, उन्हातून आलेल्याला देतात तसा. म्हणाली, "नंदू, पी बाबा. रेघ न्हाय."

आम्ही उभे राहिलो.

काही झालं नाही. वारा आला नाही. तांब्या हलला नाही, पडला नाही, पाण्यावर तरंगसुद्धा उठला नाही. नारळावर एक खार इकडून तिकडे गेली, ती रोजच जाते. माझ्या कुठल्याही भुताने पर्यटकांना इतकं निराश केलं नसतं. मुंग्या गुळाला लागल्या. तांब्या काठोकाठ होता तसाच. मी मनात म्हटलं, चला, खेळच होता. पाणी वाचलं. आणि वाचलं म्हणून बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

आईने तांब्या उचलला, एक घोट घेतला आणि माझ्या हातात दिला.

मचूळ. तोंड वाकडं करणारं, वादळानंतरचं मचूळ. बादलीत उरलेलं तसंच. विहिरीतून नवीन काढलं, तेही तसंच.

आईने तोंड पुसलं.

"प्यायला तो," म्हणाली, आणि आत गेली.

गुरुजी म्हणतात, उपसा फार झाला, खाडीचं पाणी आत ओढलं गेलं. बरोबर असेल. विहिरीचं बरोबर असेल. पण तांब्याचं काय? बादलीचं काय? हे त्यांना विचारत नाही, कारण विचारणारा मी आहे. आळीने चार दिवस माझ्या नावाने बोटं मोडली. मी त्यांना सांगितलं की रागावलेल्या बाईने विहिरीत मीठ ओतलं, हिरव्या साडीतल्या. ते मात्र लगेच पटलं.

कठड्यावर रेघ पुन्हा दिसली नाही. पाटी काढली. जार येतात, डाळ जारच्या पाण्यात शिजते. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही, आणि मी मोठं करून सांगायला गेलो तरी ते माणसाएवढंच राहतं.

नंदूची बाटली आम्ही टाकलेली नाही. फ्रीजच्या दारात असते. आई रोज सकाळी जारच्या नळाखाली धरते, रेघ येते, रेघ जाते, आणि ती नळ बंद करत नाही... पाणी तिच्या हातावरून वाहायला लागेपर्यंत.